बाससाठी सामान घेताना: आधी लुअर ठरवा, रॉड मग

दुकानात शिरलं की हात आधी रॉडकडे जातो, मग रीलकडे, आणि लुअर, म्हणजे खोटी आमिषं, जाता जाता काउंटरपाशी उचलले जातात. बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मासेमारीत हा क्रम उलटा हवा. माशाच्या तोंडाशी जातो तो लुअर. त्याचं वजन ठरलं की लाइन, म्हणजे गळाची दोरी, ठरते, लाइन ठरली की रॉड, आणि रील सगळ्यात शेवटी. न्यू जर्सी, टेक्सस, बे एरिया अशा ठिकाणी राहणारी आणि घराजवळच्या तळ्यावर पहिल्यांदाच गळ टाकायला निघालेली मराठी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण त्याच क्रमाने लिहिलं आहे. यात एक स्पिनिंग संच आहे (रील रॉडच्या खाली, नवशिक्याला सोपं), एक बेटकास्टिंग संच आहे (रील रॉडच्या वर, अंगठ्याने आवरायचं) आणि मोजके लुअर. सगळी नावं अमेरिकेत सहज मिळणारी आहेत.

आधी माशाविषयी दोन शब्द, कारण पुढची सगळी निवड त्यावर अवलंबून आहे. लार्जमाउथ बास हा पाठलाग करून दमवणारा मासा नाही. बुडालेलं झाड, लाकडी धक्क्याची सावली, पाणवनस्पतीची कड अशा आडोशाला तो दबा धरून बसतो आणि टप्प्यात आलेलं भक्ष्य तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. त्याचे दात सँडपेपरसारखे बारीक असतात, लाइन कापत नाहीत, म्हणून तारेच्या लीडरची, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायच्या वेगळ्या तुकड्याची, गरज नाही. पण तो ज्या आडोशात राहतो तो लाइन खरवडतो आणि लुअर अडकवतो. सामान घेताना खरा विचार करायचा तो माशाच्या ताकदीपेक्षा त्या आडोशाचा.

पहिल्या पाकिटाबद्दल माझ्या मनात शंका नाही: गॅरी यामामोटो कंपनीचा पाच इंची सेन्को, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ. पाकिटात दहा येतात. दिसायला अगदी साधा, ना शेपूट ना पाय. त्याची करामत मिठात आहे. प्लॅस्टिकमध्ये भरपूर मीठ मिसळल्यामुळे एका सेन्कोचं वजन साधारण १० ग्रॅम भरतं. त्यामुळे शिसं न लावताही तो लांब जातो आणि बुडताना आडवा राहून दोन्ही टोकं थरथरवत हळूहळू खाली येतो. बहुतेक बास तो याच वेळी घेतात, तुम्ही ओढत असताना नव्हे. नवशिक्याचे हात जितके स्वस्थ, तितका हा लुअर चांगला चालतो.

लावायच्या दोन पद्धती पुरेत. पहिली वॅकी. सेन्कोच्या मधोमध रबराची ओ-रिंग चढवायची आणि १/० मापाचा (शून्याआधीचा आकडा जितका मोठा, तितका हुक मोठा) वॅकी हुक त्या रिंगखालून घालायचा. रिंग नसेल तर मीठ भरलेलं मऊ प्लॅस्टिक दोन-तीन फेकींत फाटतं आणि पाकीट एका सकाळीत संपतं. रिंग चढवायची प्लॅस्टिकची नळी काही डॉलरना मिळते, ती त्याच वेळी घ्या. लुअर आडोशाच्या कडेला टाका, लाइन थोडी ढिली सोडा आणि जिथे ती पाण्यात शिरते त्या बिंदूकडे बघत राहा. ताणलेल्या लाइनवर सेन्को बुडताना तुमच्याकडे झोकांडी खातो आणि त्याची थरथर मरते. लाइन बाजूला सरकली, टचकन उडाली किंवा तळ गाठण्याआधीच थांबली, तर मासा आहे. ढील गुंडाळा आणि रॉड एका बाजूला झपकन ओढा. उशीर केला तर मासा हुक गिळतो आणि सोडताना जखमी होतो, म्हणून वॅकीच्या हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाकणं चांगलं.

दुसरी टेक्सस पद्धत, झाडोऱ्यासाठी. ३/० किंवा ४/० चा ऑफसेट (डोळ्याजवळ वाक असलेला) हुक सेन्कोच्या तोंडातून पाव इंच आत घालून बाहेर काढायचा, फिरवायचा, अंगाला लावून टोक कुठे येतं ते बघायचं आणि तिथूनच आरपार नेऊन टोक वरच्या कातडीत जेमतेम टेकवायचं. सेन्को हुकावर सरळ लोंबला पाहिजे. थोडासाही वाकडा राहिला तर ओढताना गरगर फिरतो, लाइनला पीळ बसतो आणि दोष बिचाऱ्या रीलवर जातो. रंग दोनच घ्या: स्वच्छ पाण्यासाठी ग्रीन पम्पकिन, गढुळासाठी काळा-निळा. भिंतभर रंग टांगलेले असतात. ते बघायला छान आहेत, पण पहिल्या वर्षी त्यांची गरज नाही.

झी-मॅनचा पावणेतीन इंची टीआरडी, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा आखूड तुकडा, हा थंड पाण्यातला आणि जिथे रोज माणसं गळ टाकतात अशा सार्वजनिक तळ्यांतला भरवशाचा लुअर. एक दशांश औंसाच्या, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅमच्या, छत्रीसारख्या सपाट डोक्याच्या जिगवर (डोक्याला वजन असलेल्या हुकावर) तो लावतात. याचं प्लॅस्टिक वेगळं आहे, इलाझटेक. ते पाण्यावर तरंगतं, त्यामुळे जिग तळाला टेकला की शेपूट वर उभी राहते. शिवाय ते इतकं चिवट की एक तुकडा कित्येक मासे टिकतो. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: टीआरडी आणि सेन्को एका खणात कधीही ठेवू नका. ही दोन प्लॅस्टिकं एकमेकांना लागली की विरघळून चिकट गोळा होतो आणि डबाही खराब होतो. टीआरडी त्याच्या मूळ पाकिटातच राहू द्या. जिगवरून तो खाली घसरत असेल तर सुपरग्लूचा एक थेंब पुरतो.

हे दोन्ही लुअर सावकाश चालणारे. पाण्यात मासे भराभर शोधायचे असतील तर स्ट्राइक किंगचा केव्हीडी १.५ हा चौकोनी जिभेचा क्रँकबेट (ओढला की बुडी मारणारा टणक लुअर) घ्या. तीन ते सहा फुटांत पळतो. तो मोकळ्या पाण्यात नुसता ओढत राहणं म्हणजे अर्धा उपयोग. तो लाकडावर, दगडावर आपटवायचा. चौकोनी जीभ आधी आपटते, लुअर बाजूला उसळतो आणि मासा बहुधा त्याच क्षणी घेतो. अडकल्यासारखा वाटला तर ओढू नका. लाइन ढिली करा, बऱ्याचदा तो आपोआप वर तरंगून सुटतो. उन्हाळ्यातल्या पहाटेसाठी रेबेलचा पाण्यावर तरंगणारा पॉप-आर हवा: टाका, पाण्यावरची वलयं विरेपर्यंत थांबा, मग दोनदा हलकेच टिचका. पाणी गढूळ आणि वारा असेल तर पांढरा-पोपटी स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा लुअर), कोलोरॅडो म्हणजे गोलसर पात्याचा. स्पिनरबेट कुठल्याही चांगल्या कंपनीचा चालेल, त्यात फार डोकं घालू नका.

राहिला बेडूक, म्हणजे बेडकाच्या आकाराचा लुअर. कमळाच्या पानांनी किंवा शेवाळाच्या गालिच्याने भरलेल्या तळ्यात बाकी सगळे लुअर हात टेकतात. तिथे बूयाचा पॅड क्रॅशर चालतो: अर्ध्या औंसाचा, पोकळ अंगाचा, पाठीला चिकटलेल्या दुहेरी हुकाचा. मासा पाणी फोडून वर येतो तेव्हा लगेच झटका मारला तर बेडूक रिकामा परत येतो. लाइनवर वजन जाणवेपर्यंत थांबा, मग ताकद लावा. याचे रबरी पाय मुळात लांब असतात आणि मासा नुसते पायच धरतो. ते थोडे कापा, एक दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड ठेवा, म्हणजे ओढताना बेडूक डावी-उजवीकडे वळत चालतो. अंगात पाणी शिरतंच, म्हणून अधूनमधून दाबून काढावं लागतं.

आता लाइन. याच सामानात लोक पैसे वाचवतात आणि मासे गमावतात. तीन जाती आहेत. नायलॉनची मोनो पाण्याहून किंचित जड, ताणली जाणारी, स्वस्त, गाठ सहज बसणारी. फ्लोरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पट जड, म्हणून बुडते. तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) १.४२, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५ च्या वर, म्हणून स्वच्छ पाण्यात ती मोनोपेक्षा कमी दिसते. आणि ब्रेड, म्हणजे पॉलिएथिलीनच्या तंतूंची विणलेली दोरी. ती तरंगते, जवळजवळ अजिबात ताणत नाही आणि जाडीच्या मानाने प्रचंड मजबूत असते. पॉवर प्रोची ३० पौंडी (म्हणजे तेवढा ताण पेलणारी) ब्रेड जाडीला ८ पौंडी मोनोएवढीच भरते. पण ती ठळक दिसते, आणि दगडाच्या धारेवर घासली की मुकाट तुटते.

यातून स्पिनिंग रीलसाठीची निवड सरळ आहे: १० किंवा १५ पौंडी पॉवर प्रो, पुढे सहा ते आठ फूट ८ पौंडी सीगार फ्लोरोकार्बनचा लीडर. ब्रेडमुळे फेक लांब जाते आणि तळाचा प्रत्येक खडा हाताला कळतो. माशाजवळचा भाग मात्र न दिसणारा आणि घासणीला तोंड देणारा राहतो. दोन्ही जोडायला डबल युनी गाठ घ्या, ब्रेडच्या बाजूने आठ वेढे, फ्लोरोच्या बाजूने पाच. एफजी गाठ बारीक होते आणि रॉडच्या कड्यांतून सरसर निघते, पण ती आधी घरी टेबलावर बसून शिका. वाऱ्यात, काठावर, ओल्या बोटांनी ती शिकता येत नाही. हुकासाठी पालोमार: लाइन दुहेरी करून डोळ्यातून काढा, साधी सैल गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खा हुक काढा, थुंकीने ओली करा आणि सावकाश आवळा. फ्लोरोकार्बन कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमकुवत होते. ‘लाइन निकृष्ट होती’ अशा कितीतरी तक्रारींचं मूळ या कोरड्या गाठीत असतं. मासा मिळाला किंवा लुअर लाकडात अडकला की शेवटचे दोन फूट दोन बोटांत धरून फिरवा. खरबरीत लागलं तर तेवढं कापून पुन्हा बांधा.

ब्रेड थेट रीलच्या गुळगुळीत स्पूलवर (लाइन गुंडाळायच्या चकतीवर) बांधली तर मासा ओढू लागताच अख्खं वेटोळं स्पूलभोवती घसरतं आणि ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की लाइन सुटू देणारा ब्रेक, बिघडल्यासारखं वाटतं. आधी दहा-पंधरा यार्ड मोनो भरा, त्यावर ब्रेड. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून तीन मिलिमीटर जागा सोडा. पॉप-आरला फ्लोरोचा लीडर लावू नका. लाइन बुडते आणि लुअरचं तोंड खाली ओढते, म्हणून तिथे मोनोचा लीडर. क्रँकबेटला उलट १० ते १२ पौंडी फ्लोरो बरी, लुअर थोडा खोल उतरतो. बेडकाला लीडरच नको: ५० ते ६५ पौंडी ब्रेड थेट बांधा. पानांच्या गालिच्याखाली माशाला लाइन दिसत नाही, आणि ब्रेड देठं कापत जाते.

स्पिनिंग रॉडमध्ये अग्ली स्टिक जीएक्स२, सात फुटी मीडियम (मध्यम ताकदीचा), हा कमी पैशांतला ठरलेला पर्याय आहे. ग्रॅफाइट आणि फायबरग्लास यांचं मिश्रण, पारदर्शक टोक, एका तुकड्यातली स्टीलची कडी, त्यामुळे कडीतलं नाजूक अस्तर निखळण्याची भानगड नाही. गाडीच्या डिकीत, मुलांच्या पायाखाली टिकणारा रॉड हवा असेल तर दुसरीकडे बघू नका. पण त्याच्या गुणातच दोष आहे. फायबरग्लासमुळे तो जड लागतो, टोकाकडे मऊ आहे, आणि टीआरडीने तळाला काय टेकलं हे त्यातून नीट कळत नाही. तोच मऊपणा केव्हीडी आणि पॉप-आरला मात्र वरदान आहे. त्यांचे ट्रेबल (तीन टोकांचे) हुक बारीक असतात आणि ताठ रॉडने झटका दिला की माशाच्या तोंडातून निसटतात. वाकणारा रॉड तो धक्का पचवतो. तेव्हा मुख्यतः सेन्को आणि टीआरडी खेळायचं असेल तर जास्तीचे चाळीस-पन्नास डॉलर घालून पूर्ण ग्रॅफाइटचा मीडियम, फास्ट ॲक्शनचा (फक्त टोकाकडे वाकणारा) रॉड घ्या. सगळं थोडं थोडं करायचं असेल तर जीएक्स२ पुरे.

कुठलाही रॉड घेताना मुठीच्या वर छापलेले आकडे वाचा. मीडियम रॉडवर बहुधा १/८ ते ५/८ औंस, म्हणजे साडेतीन ते साडेसतरा ग्रॅम, असं लुअरचं वजन लिहिलेलं असतं. सेन्को यात मध्यावर बसतो. टीआरडी, जिगसकट धरला तरी, खालच्या टोकाला. मर्यादेपेक्षा हलका लुअर रॉडला वाकवू शकत नाही, मग माणूस हाताने जोर लावतो आणि लुअर दहा फुटांवर पडतो. लांबीही बघा. काठावरून लांब फेकायला सात फूट उत्तम, पण मागे झाडी असलेल्या अरुंद ओढ्यावर साडेसहा फूट सोयीचा.

रीलसाठी फ्लूगर प्रेसिडेंट, ३० मापाचं. गिअर ५.२:१ (हँडलच्या एका फेरीला ५.२ वेढे), फिरवायला लोण्यासारखं, ड्रॅग लहान माशांनाही न अडखळता सुटतो. याच्या दुप्पट किमतीच्या रीलने मासे दुप्पट मिळत नाहीत. खारं पाणी मात्र याला लागू देऊ नका. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात, म्हणजे ८ पौंडी लीडरला दोन-अडीच पौंड. बॅग तोलायचा काटा हुकाला लावून ओढा, आकडा समोर दिसतो. दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा. फेकल्यावर बेल (रीलवरची तारेची कमान) हाताने बंद करा आणि ढील बोटाने ओढून घ्या. हँडल फिरवून बेल बंद केली की स्पूलवर सैल वेढा बसतो आणि पुढच्या फेकीला ब्रेडचा गुंता बाहेर पडतो. दुसरी, मासा ड्रॅग ओढत असताना हँडल फिरवत राहू नका. प्रत्येक फेरीला लाइनमध्ये पीळ साठतो.

बेटकास्टिंग संच दुसऱ्या हंगामात घ्या, आणि तोही बेडूक किंवा जड जिग खेळायचे असतील तरच. सात फुटी मीडियम-हेवी फास्ट रॉड, दाट पानांसाठी हेवी, त्यावर डायवा टटुला, सातच्या आसपास गिअरचं. माझी पसंती टटुलाला आहे ती ब्रेकसाठी: ० ते २० आकड्यांची चकती बाहेरच्या बाजूला आहे, झाकण उघडावं लागत नाही. लुअर बांधा, रॉड आडवा धरा, बटण दाबा. लुअर सावकाश खाली उतरून जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. फिरत राहिला तर हँडलजवळची गोल कळ थोडी आवळा. मग ब्रेक पंधरावर ठेवून निम्म्या ताकदीने फेका आणि लुअर पाण्याला टेकण्याआधी अंगठा स्पूलवर दाबा. गुंता होतो तो स्पूल लुअरपेक्षा वेगाने फिरला की. त्यामुळे वाऱ्याच्या विरुद्ध फेकताना आणि हलक्या लुअरला हमखास होतो. सात ग्रॅमच्या खालचं काहीही या रीलवर लावू नका. अंगठा तयार झाला की ब्रेक दोन-दोन आकड्यांनी कमी करत चला.

घेऊ नये असं एकच सामान सांगतो: शंभर-दीडशे नगांची लुअरची तयार पेटी. तिच्यातले हुक बोथट असतात, कड्या उघडतात, आणि वजनं इतकी विस्कळीत की एका रॉडवर निम्मी बसत नाहीत. तेवढ्याच पैशांत सेन्कोची दोन पाकिटं, हुक, ओ-रिंग, एक क्रँकबेट आणि लांब नाकाची पक्कड येते. आधीच लाइन भरून विकतात त्या रॉड-रीलच्या जोड्यांवरची जाड मोनो घरी आल्याबरोबर काढून टाका. स्प्रिंगसारखी वळलेली असते.

लायसन्सशिवाय गळ टाकू नका. न्यू जर्सीत गोड्या पाण्यासाठी १६ व्या वर्षापासून लागतं, टेक्ससमध्ये १७ व्या. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून या काळात बास पकडला तर लगेच सोडावा लागतो. तेव्हा नर घरट्यावर पहारा देत असतात. नियम बदलतात, राज्याचं चालू वर्षाचं पत्रक बघून घ्या. मॅसॅच्युसेट्समध्ये गोड्या पाण्यात एक औंसाहून हलकं शिसं चालत नाही, तिथे टंगस्टन वापरा. महाग आहे, पण शिशापेक्षा बरंच घन असल्यामुळे त्याच वजनाला लहान पडतं आणि झाडोऱ्यात कमी अडकतं.

सुट्टीत महाराष्ट्रात जाताना काय न्यावं, तर बेडकाचा संच. मरळ बासचा नातेवाईक नाही, पण पाणवनस्पतीत दबा धरणं आणि वरून चालणारा बेडूक फोडणं ही सवय दोघांची सारखी. मरळीचं तोंड जास्त हाडाचं आणि दात धारदार, म्हणून तिथे हेवी रॉड आणि ६५ पौंडी ब्रेड, आणि हुक सोडवताना बोटं नव्हे, पक्कड. विमानासाठी दोन तुकड्यांचा रॉड घ्या. सात फुटीचे तुकडे साडेतीन फुटांचे होतात, पीव्हीसीच्या नळीत घालून सामानात टाकता येतात. पिल्लांचा लालसर थवा पाण्यावर दिसला तर त्याखाली राखणीला असलेल्या मोठ्या मरळीवर बेडूक टाकू नका. ती गेली की थवा बाकीच्या माशांच्या पोटात जातो.